समित्पाणी शिक्षक

छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात एक आख्यान आहे. प्राचीनशाल औपमन्यव, सत्ययज्ञ पौलुषि, इंद्रद्युम्न भाल्लवेय, जन शार्कराक्ष्य आणि बुडिल आश्वतराश्वि हे पाच मोठे गृहस्थ, ज्यांच्या वैभवाविषयी आणि वेदाध्ययनाविषयी शंका घेण्याचे कोणालाच कारण नव्हते, एकत्र बसून आत्मा म्हणजे काय आणि ब्रह्म म्हणजे काय याचा खल करू लागले. आणि पुष्कळ खल होऊनही निर्णय लागेना, तेव्हा वैश्वानर आत्म्याचे अध्ययन करीत असलेल्या उद्दालक आरुणीकडे जावे असे त्यांनी ठरवले. उद्दालकाने मनाशी विचार केला, की हे महाश्रोत्रिय मला प्रश्न विचारतील आणि सर्वच प्रश्नांची उत्तरे मला देता येतील असे नाही, तेव्हा यांना दुसरा कोणी जाणता दाखवून द्यावा हे बरे. तो दुसरा जाणता म्हणजे राजा अश्वपती कैकेय. येथपर्यंत कथेत विशेष असे काही नाही. आपल्याला जे येत नाही ते दुसऱ्याकडे सोपवण्याइतका प्रामाणिकपणा जगात अगदीच दुर्मीळ नसतो. विशेष आहे ते यापुढे. उद्दालकाने त्यांना नुसता पत्ता सांगून वाटेला लावले नाही. तोही त्यांच्याबरोबर निघाला, आणि जे त्याच्याकडे शिष्य होण्यासाठी आले होते त्यांच्याच रांगेत सहावा शिष्य म्हणून उभा राहिला. आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, ब्रह्मविद्येचा पाठ देणारा गुरू म्हणून ज्याला सारे जग ओळखते, तोच हा उद्दालक.

राजाने प्रत्येकाचा वेगवेगळा सत्कार केला, आणि होऊ घातलेल्या यज्ञात एकेका ऋत्विजाला जेवढे धन मिळेल तेवढेच यांनाही देऊ केले. त्यांनी ते बाजूस सारले आणि सांगितले, की माणूस ज्या कामासाठी आला असेल त्याविषयीच त्याने बोलावे. राजा म्हणाला, उद्या सकाळी. दुसऱ्या दिवशी हे सहा प्रतिष्ठित गृहस्थ कोवळ्या बटूंप्रमाणे हातात समिधा घेऊन त्याच्यापुढे आले, आणि राजाने त्यांचे उपनयन न करताच त्यांना उपदेश केला. ते समिधा घेऊन आले ही त्यांची विनम्रता. पण ज्याने त्यांना उपनयनाचा विधी करावयास लावला नाही, त्याची सभ्यता मला त्याहून मोठी वाटते. जाणत्या माणसाला शिकवायचे असेल तर प्रथम त्याला बालक बनवावे लागत नाही, एवढे त्या राजाला कळत होते.

आपल्या परंपरेत शिष्यत्वाची मीमांसा विपुल आहे. परंतु ती बहुतांशी नवख्याच्या, अज्ञाच्या, प्रथमच उंबरठ्याशी आलेल्याच्या शिष्यत्वाची आहे. जो स्वतः शिकवतो, ज्याच्यापुढे चाळीस मुले दररोज उठून उभी राहतात, ज्याच्या हाताखालून पंधरा-वीस वर्षांत हजारभर विद्यार्थी निघून गेले, त्याला पुन्हा शिष्य होता येते काय, आणि झाला तर त्याच्या जाणतेपणाचे काय होते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा असूनही त्याकडे आपण शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहिले, आणि 'विद्या विनयाने शोभते' असे मुलांकडून पाटीवर गिरवून घेऊन तो निकालात काढला.

तो आज पुन्हा उपस्थित होण्यास एक व्यावहारिक निमित्त आहे. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत, प्रथम अमेरिकेत आणि मग अन्यत्र, शिक्षकाला शिकवण्याची एक निराळी रीत प्रचारात आली. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८०च्या सुमारास असे दाखवून दिले, की सुटीतील शिबिरात ऐकलेले व्याख्यान, ते कितीही उद्बोधक असले तरी, वर्गाच्या दारापाशी येऊन थांबते. ते आत जायचे असेल तर शिक्षकाबरोबर कोणीतरी वर्गात जावे लागते, आणि एकदा जाऊन भागत नाही. पुढे कॅन्सस विद्यापीठातील जिम नाइट यांच्यासारख्यांनी या विचाराला पद्धतीचे रूप दिले. एक अनुभवी अध्यापक दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसतो, पाठ पाहतो, पाठ संपल्यावर दोघे बोलतात, एखादी गोष्ट बदलून पाहायचे ठरते, आणि काही दिवसांनी तो पुन्हा येतो: एवढाच त्याचा सांगाडा. मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अशा उपक्रमांवरील साठ अभ्यास एकत्र तपासून २०१८ साली जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार अध्यापनात आणि, त्याहून कमी प्रमाणात का होईना, मुलांच्या संपादणुकीत या रीतीने खरोखरच सुधारणा होते. परंतु उपक्रम लहान असतो तेव्हा दिसणारा हा परिणाम, तो शेकडो शिक्षकांपर्यंत नेला की बराच उतरतो. योजना तीच राहून गुण कमी का व्हावा, याचे उत्तर मला योजनेच्या कागदांत सापडत नाही. ते पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यामधील संबंधात कोठेतरी असावे.

कारण मूळ अडचण तत्त्वाचीच आहे. जो करतो त्याला करताना स्वतःला पाहता येत नाही. बृहदारण्यकात उषस्ताने आत्मा प्रत्यक्ष दाखवण्याचा हट्ट धरला तेव्हा याज्ञवल्क्याने त्याला सांगितले, की दृष्टीच्या द्रष्ट्याला तू पाहू शकणार नाहीस. ते विधान अर्थात परमार्थाचे आहे, आणि शाळेच्या चार भिंतींत त्याला ओढून आणण्याची मला हौस नाही. तथापि व्यवहाराच्या पातळीवरही त्याची प्रचीती प्रत्येक शिक्षकाला येते. फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना पाठीमागे काय चालले आहे, हे तर त्याला दिसत नाहीच. पण मुलांकडे तोंड करून उभा असतानाही, पुढचे वाक्य जुळवण्यात, वेळेकडे लक्ष ठेवण्यात, खिडकीजवळच्या दोघांना डोळ्यांनी दटावण्यात त्याचे चित्त इतके गुंतलेले असते, की आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपणच देऊन टाकले हे त्याच्या गावीही नसते. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून मोजली तेव्हा असे आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने एक सेकंदाच्या आसपासच थांबतात. आणि हा विराम तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांबतात, एरव्ही गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. आता, आपण एकच सेकंद थांबतो हे कोणत्या शिक्षकाला ठाऊक असते? प्रत्येकाची प्रामाणिक समजूत अशी, की आपण पुष्कळ थांबलो आणि मुलांनाच काही येत नव्हते.

मुंडक उपनिषदातील एकाच वृक्षावरचे दोन पक्षी सर्वांना परिचित आहेत: एक फळ खातो, दुसरा न खाता पाहतो. तेथे दोन्ही पक्षी एकाच देहवृक्षावर आहेत, आणि तत्त्वज्ञ सांगतात की हा साक्षी आपल्याच ठिकाणी असतो. असेल, पण तो जागा होईपर्यंत बाहेरचा एखादा साक्षी उसना घ्यावा लागला तर त्यात कमीपणा कसला? बोस्टनचे शल्यविशारद अतुल गावंडे, ज्यांचे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, यांनी २०११ साली 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात लिहिलेला एक लेख या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आठ वर्षे शस्त्रक्रिया केल्यावर आपली प्रगती थांबली आहे असे त्यांना जाणवले, आणि त्यांनी आपल्या विद्यार्थिदशेतील शिक्षकांना, निवृत्त झालेल्या डॉक्टर रॉबर्ट ऑस्टीन यांना, शस्त्रक्रियागृहात येऊन नुसते पाहण्याची विनंती केली. ऑस्टीन एका कडेला वही घेऊन उभे राहिले. गावंड्यांच्या मते शस्त्रक्रिया उत्तम पार पडली होती, आणि ती पडलीही होती. तरी वहीत नोंदी होत्याच. रुग्णावर कापड अशा रीतीने अंथरले होते की समोरच्या बाजूस उभ्या असलेल्या साहाय्यकाला हालचालीस जागाच उरली नव्हती. दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता, आणि बराच वेळ काम परावर्तित उजेडात चालले होते. अधूनमधून त्यांचे कोपर वर उचलले जात होते; आणि कोपर वर जाते याचा अर्थ पाय हलवण्याची किंवा दुसरे उपकरण घेण्याची वेळ झाली आहे. या टिपांतील एकही टीप शस्त्रक्रियेच्या ज्ञानाविषयी नाही. कापड, दिवा आणि कोपर! जे जाणत्याच्या ज्ञानाच्या कक्षेबाहेर नसून केवळ त्याच्या दृष्टीच्या कक्षेबाहेर आहे, तेवढेच साक्षीने सांगितले.

त्याच लेखात एक गमतीचा तपशील आहे. शस्त्रक्रियेपूर्वी एका रुग्णाने, हे कोण, असे विचारले. आणि मला काही सुधारता येईल का ते पाहण्यासाठी मी यांना बोलावले आहे, असे उत्तर ऐकून त्या रुग्णाच्या चेहऱ्यावर आश्वस्त भाव काही उमटला नाही. ज्याच्या हाती आपण देह सोपवला तो अजून शिकतो आहे, ही गोष्ट ऐकायला बरी असली तरी सोसायला अवघड असते. शिक्षकाच्या मनात पालकांविषयी, मुख्याध्यापकांविषयी आणि खुद्द मुलांविषयी हीच धास्ती असते.

आमच्याकडे तर तिला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १८५४च्या वुडच्या खलित्याने शिक्षणखाती निर्माण झाली आणि त्यांच्याबरोबरच इन्स्पेक्टरही आले. वर्गात शिरणारा परका मनुष्य म्हणजे सरकारी अंमलदार, हे समीकरण तेव्हापासून पक्के झाले. इंग्लंडात १८६२च्या सुधारित संहितेने मुलांच्या परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरू लागले, आणि मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची ती पद्धत काही काळ रुजली. तपासनिसाने मुलांना प्रश्न विचारायचे, आणि मुलांच्या तोंडून मास्तरांची कैफियत ऐकायची. साहेब गेला, अनुदानाचे नियम बदलले, इन्स्पेक्टरची नावे बदलली. शेरेबुक मात्र कपाटात राहिले. तपासणीचा दिवस ज्याने एकदा पाहिला आहे त्याला वर्णन सांगण्याचे प्रयोजन नाही: टाचणवही रातोरात अद्ययावत होते, फळ्याच्या कोपऱ्यात ताजा सुविचार येतो, हुशार मुले पुढच्या बाकांवर सरकतात, आणि गेल्या आठवड्यात शिकवून झालेला पाठ असा रंगतो की जणू ज्ञान त्याच क्षणी अवतरत आहे. साहेब खूश होऊन 'अध्यापन समाधानकारक' असा शेरा मारून चहा घेतात आणि पुढच्या शाळेकडे रवाना होतात. या साऱ्या नाटकात कोणीही खोटारडा नसतो. ज्याला निकाल द्यायचा आहे त्याच्यापुढे माणूस निकाल चांगला लागेल असेच वागणार.

गोरोबाकाका आणि नामदेव यांची कथा मला या संदर्भात नेहमी आठवते, आणि तिचा जो अर्थ कीर्तनात सांगितला जातो त्याने माझे पुरते समाधान होत नाही. परंपरा सांगते, की संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून मडकी पारखली. इतर शांत राहिले, नामदेव मात्र चिडले, आणि मडके कच्चे ठरले. कथेचा ओघ सारा गोरोबांच्या बाजूचा आहे, आणि निदान चुकीचे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु नामदेव शिकले ते कोणाकडून? थापटणे घेऊन बसलेल्या परीक्षकाकडून ते शिकले नाहीत. अपमानाने पोळून ते पंढरीला गेले, आणि विठ्ठलाच्या आज्ञेवरून औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. तेथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते, आणि जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव, एवढेच त्यांनी म्हटले. विसोबांनी नामदेवांची परीक्षा घेतली नाही. त्यांनी एक कृती करायला सांगितली, आणि ती करताना नामदेवांना जे दिसायचे ते दिसले. पारख करणारा आणि शिकवणारा हे दोघे आपल्या संतांनी वेगळे ठेवले आहेत. आम्ही मात्र ही दोन्ही कामे एकाच हुद्द्यावर बसवली, आणि ज्याने गोपनीय अहवाल लिहायचा त्यानेच मार्गदर्शनही करावे असा शिरस्ता पाडला.

तेव्हा शिक्षकाने आपल्या वर्गात येऊन बसणाऱ्या मार्गदर्शकाकडून अधिकाधिक काय आणि कसे घ्यावे? माझे उत्तर मी एका दुसऱ्या आख्यानातून घेतो. बृहदारण्यकात गार्ग्य बालाकी हा विद्वान काशीच्या अजातशत्रू राजाला ब्रह्म शिकवायला जातो. त्याने सूर्यातील पुरुष सांगितला, चंद्रातील सांगितला, विजेतील, आकाशातील, वायूतील, अग्नीतील असे एकामागून एक सांगितले. आणि राजा प्रत्येक वेळी, हे मला ठाऊक आहे, असे म्हणत गेला. शेवटी राजाने विचारले, एवढेच? बालाकी म्हणाला, एवढेच. आणि मला शिष्य म्हणून जवळ येऊ द्या, अशी त्याने विनंती केली. ब्राह्मणाने क्षत्रियाकडे शिष्य म्हणून यावे हे उलटेच झाले, असे म्हणून राजा उठला आणि बालाकीचा हात धरून त्याला एका निजलेल्या माणसाजवळ घेऊन गेला. त्या माणसाला नावांनी हाका मारल्या. तो उठला नाही. हाताने हलवले, तेव्हा तो उठला. मग राजाने विचारले, हा झोपला होता तेव्हा याच्यातील जाणणारा कोठे होता?

या प्रसंगाची रचना पाहण्यासारखी आहे. आतापर्यंत दोघे समोरासमोर होते, एक सांगत होता आणि दुसरा तपासत होता. आणि तसे होते तोवर बालाकीच्या वाट्याला केवळ पराभव आला. राजाने हात धरला आणि दोघे एका बाजूस, शेजारी शेजारी, उभे राहिले. त्यांच्या पुढे आता एक तिसरा होता. त्यानंतर लाज हा विषयच उरला नाही, कारण दोघांपैकी कोणाकडेही कोणी पाहत नव्हते. वर्गात तो तिसरा म्हणजे मूल, आणि तेही अमूर्त 'विद्यार्थी' नव्हे, तर तिसऱ्या बाकावरचे, वही उघडून बसलेले, एक विशिष्ट मूल.

समजा, अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. शिक्षकाने फळ्यावर छेद समान करून दाखवले, पाच षष्ठांश उत्तर लिहिले, समजले का असे विचारले, वर्गाने एका सुरात होकार दिला, आणि पुढचे उदाहरण आले. मागे बसलेल्या सहकाऱ्याला मात्र दिसले, की एका मुलीने वहीत दोन पंचमांश लिहिले होते, फळ्याकडे पाहून ते खोडले, आणि त्या जागी पाच षष्ठांश उतरवून घेतले. तपासणीच्या भाषेत तिची वही बरोबर. पाठ संपल्यावर त्या सहकाऱ्याने, तुमच्या वर्गातील संकल्पना पक्क्या नाहीत, असे म्हटले तर शिक्षक बचावाला उभा राहील, आणि ते साहजिकच आहे. पण त्याने नुसती ती खोडलेली ओळ दाखवली आणि दोन पंचमांश कोठून आले असतील असे विचारले, तर दोघांनाही बसून विचार करावा लागतो. मग ध्यानात येते, की दोन प्रश्नांपैकी एक आणि तीन प्रश्नांपैकी एक बरोबर आला तर पाचांपैकी दोन बरोबर आले, हा हिशेब ती मुलगी गुणपत्रिकेत रोज पाहते, आणि तेथे तो अचूक असतो. तिची चूक म्हणजे एका ठिकाणचे सत्य दुसऱ्या ठिकाणी नेणे. हे कळल्यावर उद्याचा पाठ निराळा होणारच; आणि तो कसा निराळा करावा हे बहुधा त्या शिक्षकालाच अधिक चांगले सुचेल, कारण ती मुलगी त्याची आहे.

म्हणून, 'माझा पाठ कसा झाला' असे विचारणाऱ्या शिक्षकाला फार तर एक शेरा मिळेल, गोड किंवा कडू. 'छेद समान करायला सांगितल्यावर मागच्या दोन बाकांवरची मुले वहीत काय करतात, ते मला पाहून सांगा' असे जो पाठापूर्वीच सांगून ठेवतो, त्याला वस्तुस्थिती मिळते. पहिला प्रश्न स्वतःविषयी आहे आणि दुसरा कामाविषयी. अश्वपतीने देऊ केलेले धन नाकारून, आम्ही ज्यासाठी आलो ते बोला, असे म्हणणाऱ्या त्या सहा जणांनी हाच विवेक दाखवला होता. प्रशस्ती हे धनच, आणि प्रश्नाच्या मोबदल्यात ती स्वीकारण्याचा मोह शिक्षकाला धनापेक्षाही अधिक असतो.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. असे वारंवार दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत गेल्यावर शिक्षकाचे स्वतःचे असे काय राहणार? प्रत्येक चांगल्या शिक्षकाच्या शिकवण्याला स्वतःची एक धाटणी असते, आणि कोण्या यादीतील चौकटी भरत भरत ती धाटणी पुसली जाण्याचा धोका काल्पनिक नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीची जी तीन साधने सांगितली आहेत, प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा, त्यांपैकी पहिले आणि तिसरे आमच्या शिक्षणखात्याने अत्यंत निष्ठेने जतन केले आहे: साहेब आले की वाकून नमस्कार होतो, आणि हार, नारळ, अल्पोपाहार यांत कसूर होत नाही. मधले साधन तेवढे गहाळ झाले. परिप्रश्न म्हणजे सर्व बाजूंनी विचारणे, उलटून विचारणे, आणि पटले नाही तर पटले नाही असे म्हणणे. तो नम्रता आणि सेवा यांच्या मधोमध बसवला आहे हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. त्याच्यावाचून प्रणिपात ही लाचारी होते आणि सेवा ही वेठ. ज्या शिक्षकाने मार्गदर्शकाचे एकही म्हणणे कधी नाकारले नाही, त्याने बहुधा एकही म्हणणे मनापासून स्वीकारलेले नसते. प्रयोग करून पाहावा, मुलांच्या वह्यांत फरक पडला का ते दोघांनी पाहावे, आणि नसेल पडला तर ती सूचना निःसंकोच परत करावी. सल्ला देणाऱ्याला याचा राग येत असेल, तर तो अजून शेरेबुकाच्याच मुलखात राहतो असे समजावे.

शिवाय, अश्वपतीने त्या सहा जणांना कसे शिकवले तेही पाहावे. त्याने एकेकाला विचारले, तुम्ही आत्मा म्हणून कशाची उपासना करता? कोणी द्युलोक म्हणाला, कोणी आदित्य, कोणी वायू, कोणी आकाश, कोणी जल. उद्दालक म्हणाला पृथ्वी. राजाने कोणालाही, तुम्ही चुकलात, असे म्हटले नाही. ही उपासना वैश्वानराचीच आहे, तिचे फळ तुमच्या घरी दिसतेच आहे, असे तो प्रत्येकाला प्रथम सांगतो, आणि मग म्हणतो, की हे केवळ त्याचे मस्तक, हा केवळ नेत्र, हा प्राण, हे केवळ पाऊल. एवढ्यावर थांबला असता तर नुसते चुचकारणे झाले असते. परंतु तो पुढे, तुम्ही येथे आला नसता तर तुमचे मस्तक गळून पडले असते, तुम्ही आंधळे झाला असता, असेही स्पष्ट सुनावतो. मार्दव आणि परखडपणा यांचा असा संयोग आजच्या प्रशिक्षणांत मला फारसा आढळत नाही. तेथे एक तर सगळेच छान असते, नाही तर सगळेच चुकलेले. आणि या वैश्वानर-विद्येचा शेवट कशात होतो? जेवणाच्या पानावर. प्राणाला, व्यानाला, अपानाला एकेक घास आहुती म्हणून कसा द्यावा, हे सांगून राजा आपला उपदेश आटोपतो. विश्वव्यापी आत्म्याचे ज्ञान देऊन झाल्यावर उद्या दुपारी जेवायला बसाल तेव्हा पहिला घास असा घ्या, इतक्या बारीक गोष्टीवर तो उतरतो. दहा सूचनांची यादी घेऊन वर्गात परतणाऱ्या शिक्षकाने त्यांतली एकच निवडावी, आणि तीही उद्याच्या तिसऱ्या तासाला करता येईल एवढी लहान असावी.

राहिला प्रश्न माणसांचा. महाराष्ट्रात केंद्रशाळांची योजना आली तेव्हा दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख नेमण्यामागील हेतू हाच होता, की शिक्षकाच्या शेजारी बसणारे कोणीतरी असावे. परंतु केंद्रप्रमुखाचा बहुतेक वेळ पोषण आहाराची आकडेवारी, यू-डायसची माहिती आणि वरून आलेल्या तातडीच्या पत्रांची पूर्तता यांत जातो, आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत सूचना वाचून दाखवण्यापलीकडे त्याला सवड मिळत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. हे पन्नास तास पडद्यापुढे बसून चित्रफिती पाहण्यात आणि प्रमाणपत्रे उतरवून घेण्यात खर्च व्हायचे नसतील, तर माझ्या मते त्यांतला मोठा वाटा शेजारच्या वर्गाला द्यावा. दुसरा राजा शोधत केकय देशाला जाण्याची प्रत्येकाला गरज नाही. त्याच शाळेतील, त्याच पगाराचा, बढती-बदलीशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा सहशिक्षक साक्षी म्हणून पुरेसा असतो, आणि उद्दालकाप्रमाणे त्यानेही आपल्या वर्गाचे दार त्याच आठवड्यात उघडे ठेवले तर अधिकच बरे. याला खर्च येत नाही, परंतु तीन गोष्टी मुख्याध्यापकांकडून आधी कबूल करून घ्याव्या लागतात: वेळापत्रकात दोघांचे रिकामे तास असे लावावेत की एकाला दुसऱ्याच्या वर्गात जाता येईल, ते तास गैरहजर शिक्षकांचे वर्ग सांभाळण्यासाठी वळवू नयेत, आणि पाहणाऱ्याने केलेली टीप, मग ती चांगली असो वा वाईट, ज्याच्या वर्गाची आहे त्याच्या हाती द्यावी, तिची नक्कल दफ्तरी ठेवू नये.